शिक्का, मोर्तब आणि मोडीचे वळण

एखाद्या निर्णयाला अंतिम मान्यता मिळाली की 'त्यावर शिक्कामोर्तब झाले' असे वृत्तपत्रे लिहितात. बँकेच्या सभांच्या इतिवृत्तांतही हा शब्द अधूनमधून डोकावतो. तो एका दमात उच्चारला जात असला तरी त्यामागील वस्तू दोन आहेत. शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळे. शिक्का हा राजाचा अथवा अधिकाऱ्याचा मोठा ठसा. तो पत्राच्या आरंभी उमटविला जाई. मोर्तब हा आकाराने लहान ठसा. तो मजकूर संपला त्या जागी पडे. या दोन ठशांच्या मध्ये बोरूने लिहिलेला जो मजकूर असे, तो बहुतेक वेळा मोडी लिपीत असे.

मोडी कागद म्हटले की पुण्याचे पेशवे दफ्तर आठवते. मात्र मराठी राज्यकारभाराच्या या लेखनपद्धतीने दक्षिणेत तमिळ प्रदेशापर्यंत मजल मारली होती, आणि चेन्नई शहराशीही तिचा संबंध फार जुना आहे. एग्मोर भागातील तमिळनाडू पुराभिलेखागार, १८६९ मध्ये स्थापन झालेले शासकीय प्राच्य हस्तलिखित ग्रंथालय आणि शहराबाहेर तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय ही नावे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. प्राच्य ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठी हस्तलिखितांचाही संग्रह आहे. कर्नल कॉलिन मॅकेन्झी यांनी दक्षिण भारतात गोळा केलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग याच ग्रंथालयात येऊन पोहोचला.

मद्रासच्या किल्ल्यात आलेले पत्र

१६७७ च्या मे महिन्यात शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेत मद्रासच्या परिसरातून पुढे जात होते. त्या वेळी फोर्ट सेंट जॉर्ज येथे सर विल्यम लँगहॉर्न हे गव्हर्नर होते. महाराजांचे वकील महादजीपंत आणखी दोघांसह पत्र घेऊन किल्ल्यात आले. पत्रातील मागणी कोणालाही आज चकित करील अशी होती. हृदयाला बळ देणारे औषधी खडे आणि विषावरचे निरनिराळे उतारे महाराजांना हवे होते. कंपनीच्या सल्लागार मंडळाने विचार केला आणि किंमत न घेता, भेट म्हणून या वस्तू पाठविण्याचे ठरविले. ही सारी नोंद मंडळाच्या इतिवृत्तात इंग्रजीत आहे. व्यापारी पेढीची कारभारी शिस्त इतिहासाच्या अशी उपयोगी पडते! जॉर्ज टाउनमधील कालिकांबाळ मंदिरात महाराज त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात दर्शनास आले होते अशी परंपरा आहे आणि मंदिरात ती आवर्जून सांगितली जाते.

पुढे १६८९ ते १६९८ या काळात छत्रपती राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात होते. जिंजीही तमिळ प्रदेशातच आहे. मराठ्यांची राजधानीच जणू तेथे गेली होती आणि तेथून निघालेली पत्रे व सनदा शेकडो कोस दूर महाराष्ट्रात पोहोचत होत्या. पत्र आणणारा जासूद अनोळखी, मुलूख शत्रूने व्यापलेला, आणि राजा मुक्कामी कोठे आहे याचीही गावोगावच्या वतनदारांना खात्री नाही. अशा वेळी हातात आलेला कागद खरा की बनावट, हे कशावरून ठरवायचे? त्या काळाने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले होते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण बँकेच्या खिडकीपाशी आजही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो.

कागद सिद्ध कसा होई

मराठेशाहीतील पत्र एका माणसाच्या हातून पूर्ण होत नसे. मजकूर चिटणीस अथवा त्याचा कारकून लिही. पत्राच्या माथ्यावर 'श्री' किंवा कुलदेवतेचे नाव येई. त्याखाली शिक्का. मजकूर संपत आला की 'जाणिजे' अथवा 'बहुत काय लिहिणे' असे समारोपाचे शब्द येत. ते काही वेळा खुद्द धन्याच्या हातचे असत आणि तेथले अक्षर वरच्या मजकुरापेक्षा वेगळे दिसते. त्यानंतर मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत, म्हणजे येथे मर्यादा शोभते आहे. पेशव्यांच्या मोर्तबावर 'लेखनसीमा' असे असे. अर्थ एकच : लेखन येथे संपले, यापुढे कोणी एक अक्षर वाढविल्यास ते आमचे नव्हे. धनादेशावर रकमेच्या शब्दांपुढे 'फक्त' लिहून पुढे आडवी रेघ ओढण्यामागे जो हेतू आहे, तोच येथे होता.

पत्र लांब असले तर कागदाचे तुकडे एकाखाली एक चिकटवीत. या तुकड्याला 'बंद' म्हणत. दोन बंद जेथे जोडले जात त्या जोडाच्या पाठीमागे शिक्का अशा रीतीने मारीत की त्याचा अर्धा भाग वरच्या बंदावर व अर्धा खालच्या बंदावर पडावा. मधला बंद काढून दुसरा घातला तर ठसा जुळत नसे. शिवाय पत्र रवाना होण्यापूर्वी त्याची नोंद दफ्तरात होई आणि कागदावर 'सुरू सूद', 'बार सूद' असे शेरे पडत. 'मोर्तब सूद' हा शेराही याच कुळातला. लिहिणारा एक, संमती देणारा दुसरा, नोंद ठेवणारा तिसरा, अशी ही विभागणी होती. एका व्यवहाराला किमान दोन हात लागावेत हा बँकांतील दंडक ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

या हातांची नावे पुढे घराण्यांना चिकटली. फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. त्यावरून चिठ्ठी लिहिणारा तो चिटणीस, हिशेबाच्या फर्दा लिहिणारा तो फडणीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस, जमेची बाजू पाहणारा तो जमेनीस आणि फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. आजच्या बँकेच्या हजेरीपटावर यांपैकी दोनतीन आडनावे तरी सापडतीलच.

शिक्क्यावरील भाषाही बोलकी असते. शहाजीराजे आणि जिजाबाई यांच्या मुद्रा फारसीत होत्या, कारण त्या काळी दक्षिणेतील शाही कारभाराची भाषा तीच होती. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा संस्कृतात आहे. १६४६ मधील पत्रावर ती आढळते; त्या वेळी महाराजांचे वय अवघे सोळा वर्षांचे होते. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे वाढत जाणारी, जगाला वंदनीय अशी शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय आहे. मुद्रेच्या तीन-चार बोटांच्या जागेत वडिलांचे नाव, स्वतःचे नाव, वाढीची आकांक्षा आणि राज्याचा हेतू बसविला आहे. पेशव्यांचे शिक्के याउलट मराठी वळणाचे आणि काटेकोरपणे कारभारी. 'राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान' या धर्तीच्या शिक्क्यात आधी धन्याचे नाव आणि मग प्रधानाचे. १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि रामराजे गादीवर आले, तेव्हा प्रत्यक्ष सत्ता पुण्याकडे असूनही पेशव्यांच्या शिक्क्यात नव्या छत्रपतींचे नाव घालावेच लागले. अधिकारपद देताना 'शिक्केकट्यार' दिली जाई. एक वस्तू लेखणीच्या सत्तेची, दुसरी शस्त्राच्या.

ठसा कितीही सुबक असला तरी शिक्का चोरीला जाऊ शकतो आणि नकलीही करता येतो. म्हणून शेवटची परीक्षा अक्षराची. येथे मोडीच्या वळणाचे महत्त्व येते.

मोडी लिहिताना कागदावर प्रथम उजव्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे टांगावीत तशी लिहीत जातात. लेखणी शक्य तो उचलायची नाही. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराची सुरुवात होते. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, विरामचिन्हे नसतात, इकार-उकाराचे ऱ्हस्वदीर्घ पाळले जात नाहीत. 'राजश्री'सारख्या नित्याच्या शब्दाला 'रा।' एवढे पुरते. रुपयाचे पाव, अर्धा, पाऊण हे हिस्से उभ्या रेघांनी आणि चिन्हांनी दाखविले जातात. काजळ आणि डिंक घोटून केलेली शाई, तिरपा तासलेला बोरू आणि ओली अक्षरे वाळविण्यासाठी वर भुरभुरलेली बारीक वाळू, हे साहित्य. काही जुन्या कागदांवर ती वाळू अजून चमकते.

या लिपीचे जनकत्व देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याला देण्याची प्रथा आहे. मात्र एवढी मोठी गोष्ट एका माणसाने एका दिवशी केली असेल असे मानण्यापेक्षा, कारभार वाढत गेला तशी ती घडत गेली हे मानणे अधिक सयुक्तिक. काळाप्रमाणे तिचे वळण बदलले. शिवकालीन, पेशवेकालीन असे भेद तर आहेतच, शिवाय पेशवाईत चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे प्रसिद्ध होती. जाणत्याला अक्षर पाहून कागदाचा काळ आणि पुष्कळदा दफ्तरही ओळखता येई. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे अक्षर आणि स्मरण दोन्ही असाधारण होते असे सांगतात. एकदा पत्र लिहावयाचे राहून गेले असता त्यांनी कोरा कागद हाती धरून सारा मजकूर अस्खलित 'वाचून' दाखविला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चिटणिसावर धन्याचा केवढा भरवसा असावा लागे हे तिच्यातून कळते. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे राजाराम महाराजांबरोबर जिंजीस गेले आणि चिटणिशी वळणही त्यांच्याबरोबर दक्षिणेत गेले.

नांगर, बांगडी आणि अंगठा

राजे आणि प्रधान शिक्के वापरीत. गावच्या माणसाने काय करायचे? गावचा तंटा मिटला की गोतसभा महजर करी. त्या कागदाखाली जमलेल्या साऱ्यांची साक्ष पडे. ज्याला लिहिता येत नसे तो निशाणी करी, आणि ही निशाणी त्याच्या व्यवसायाची असे. पाटलाच्या नावापुढे नांगर, कुलकर्ण्याच्या नावापुढे दौत-लेखणी, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, सुताराचे हत्यार. स्त्रीच्या नावापुढे बांगडी काढलेली असे. महजराच्या तळाशी या चिमुकल्या चित्रांची ओळच्या ओळ दिसते. सारा गाव आपापले अवजार हाती घेऊन साक्षीला उभा राहिला आहे असे वाटते. राजमुद्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; या निशाण्यांकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. वास्तविक सामान्य माणसाच्या वैयक्तिक मुद्रेचा आपल्याकडचा खरा इतिहास येथे आहे.

निशाणीची एक मर्यादा उघड आहे. नांगर सर्व पाटलांचा सारखाच. ती माणसाचा व्यवसाय सांगते, पण तोच माणूस आहे हे सिद्ध करीत नाही. ती उणीव पुढे अंगठ्याने भरून काढली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. आरंभी हेतू एवढाच होता की माणसाने पुढे करार नाकारू नये. पुढे बोटांच्या रेषा आयुष्यभर बदलत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले आणि १८७७ मध्ये हुगळी येथे निवृत्तिवेतनाच्या व नोंदणीच्या कामी त्यांनी ठशांचा उपयोग सुरू केला. निवृत्तिवेतन घेणारा माणूस तोच आहे ना, हा प्रश्न तेव्हाही होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग स्थापन झाला. मराठी दस्तऐवजांत मात्र जुना शब्द टिकून राहिला. अंगठ्याशेजारी आजही 'निशाणी डावा अंगठा' असेच लिहिले जाते. नांगर गेला, पण निशाणी राहिली.

जपानचे उदाहरण

चेन्नईच्या आसपास जपानी कंपन्यांचे अनेक कारखाने आहेत, शहरात जपानचे महावाणिज्य दूतावास आहे आणि जपानी भाषेचे वर्गही चालतात. जपानमध्ये कामासाठी जाणाऱ्या भारतीयास तेथे बँकेत खाते उघडताना वर्षानुवर्षे एक वस्तू करवून घ्यावी लागे : स्वतःच्या नावाचा शिक्का. त्याला हांको म्हणतात. जपानी माणसाजवळ असे शिक्के तीन प्रकारचे असत. नगरपालिकेत नोंदविलेला 'जित्सुइन' घर-जमिनीच्या व्यवहारासाठी, बँकेत नमुना ठेवलेला 'गिन्को-इन' खात्यासाठी आणि टपाल घेण्यासारख्या किरकोळ कामासाठी 'मितोमे-इन'. आपल्याकडे बँक नमुना सही जपून ठेवते. तेथे बँक शिक्क्याचा नमुना ठेवीत असे.

या प्रथेचे मूळ चीनमध्ये आहे. इ. स. ५७ मध्ये चीनच्या हान सम्राटाने जपानमधील एका राजाला सोन्याची मुद्रा दिली होती. ती १७८४ मध्ये शिकानोशिमा बेटावर शेतात सापडली. जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर लांबी-रुंदीची ही चौकोनी मुद्रा आज फुकुओकाच्या संग्रहालयात आहे. पुढे सरकारी शिक्के रूढ झाले, पण मधल्या अनेक शतकांत सरदार मंडळी शिक्क्याऐवजी 'काओ' वापरीत. काओ म्हणजे कुंचल्याने एका लपेटीत काढलेली, नावाची अक्षरे विरघळून गेलेली सही. ती म्हणजे सुलेखनाचीच एक शाखा. १८७३ मध्ये मेजी सरकारने कागदपत्रांवर नोंदणीकृत शिक्का आवश्यक केला आणि हांको घरोघर पोहोचला. २०२० मध्ये जपान सरकारने उलट पाऊल उचलले. महासाथीच्या काळात केवळ शिक्का मारण्यासाठी लोकांना कचेरीत यावे लागत होते. तेव्हा हजारो सरकारी कामांतील शिक्क्याची अट काढून टाकण्यात आली.

लेखनाच्या बाबतीत जपान आणि महाराष्ट्र यांचे साम्य आणखी जवळचे आहे. जपानी सुलेखनात नवव्या शतकातील कूकाई, सम्राट सागा आणि ताचिबाना नो हायानारी यांना 'तीन कुंचले' म्हणून मान आहे. कुंचला न उचलता लिहिलेल्या चिनी अक्षरांपासून जपानची 'हिरागाना' ही स्वतःची लिपी घडली. एदो काळात सरकारी कागद 'ओइए' नावाच्या ठरावीक वळणात लिहिले जात, आपल्या चिटणिशी वळणासारखेच. मग छपाई आली, १९०० मध्ये शाळांसाठी अक्षरांचे एकच रूप ठरविण्यात आले, आणि दोन-तीन पिढ्यांत अशी वेळ आली की सुशिक्षित जपानी माणसालाही पणजोबांचे पत्र वाचता येईना. जुन्या वळणाच्या या लेखनाला 'कुझुशिजी' म्हणतात; या शब्दाचा अर्थच मुळी मोडलेली अक्षरे असा आहे. मोडी हे नावही 'मोडणे' या धातूपासून आले असे मानतात. जपानमध्ये २०२१ मध्ये 'मिवो' नावाचे भ्रमणध्वनीवरील साधन निघाले. जुन्या पानाचे छायाचित्र घेतले की ते त्यावरील अक्षरे आजच्या लिपीत मांडून दाखविते.

जाता जाता एक योगायोग. बोटांच्या ठशांवरील पहिल्या महत्त्वाच्या लेखांपैकी एक लिहिणारे डॉ. हेन्री फोल्ड्स हे टोकियोतील रुग्णालयात काम करीत होते. प्राचीन जपानी मडक्यांवर कुंभारांच्या बोटांचे ठसे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. त्यांचे पत्र ऑक्टोबर १८८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले आणि पुढच्याच महिन्यात हर्शेल यांनी बंगालमधील आपल्या अनुभवाची हकीकत त्याच नियतकालिकात छापली. श्रेय कोणाचे, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला.

वाचणारे थोडे, म्हणून सत्ता त्यांची

मोडी वाचता येणे ही मद्रास इलाख्यात केवळ विद्या नव्हती, ती सत्ता होती. तंजावरच्या आणि इतर दरबारांच्या निमित्ताने दक्षिणेत स्थायिक झालेली देशस्थ घराणी कारकुनी व हिशेबात निष्णात होती. कंपनी सरकार आल्यावर त्यांनी जिल्हा कचेऱ्यांतील जागा भरल्या. तमिळ किंवा तेलुगू मुलखातही कित्येक ठिकाणी मुख्य कचेरीचे हिशेब मराठीत, मोडी अक्षरांत ठेवले जात. इतिहासकार रॉबर्ट फ्रायकेनबर्ग यांनी गुंटूर जिल्ह्यावरील १९६५ च्या ग्रंथात याचे परिणाम दाखविले आहेत. गोऱ्या कलेक्टराला मोडी येत नसे आणि शेतकऱ्यालाही येत नसे. मधले शिरस्तेदार आणि त्यांचे नातलग जे सांगतील ते प्रमाण. महसूल घटत गेला, तक्रारी वाढल्या आणि अखेर १८४५ मध्ये वॉल्टर एलियट यांना चौकशीसाठी पाठवावे लागले. मराठी माणसाला अभिमान वाटावा असा हा प्रसंग नाही. शिक्का, मोर्तब, नोंद अशी सारी व्यवस्था बिनचूक असूनही कागद वाचणारे जर एकाच घरातले असतील तर तिचा उपयोग होत नाही. हिशेबतपासनीस बाहेरचा का लागतो, हे गुंटूरच्या रयतेने फार महाग किमतीला शिकून घेतले.

याच समाजातून दुसऱ्या प्रकारची माणसेही निघाली. १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले आणि मद्रासमध्ये शिकलेले सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले, आणि सचोटीचा, शिस्तीचा कारभार ही त्यांची ख्याती होती.

आता परिस्थिती उलटली आहे. मोडीची मक्तेदारी धोक्याची वाटावी इतके वाचक आज उरलेले नाहीत. छापखान्याला बाळबोध, म्हणजे देवनागरी, सोयीची पडली. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला होता, पण ती वाट पुढे फारशी चालली नाही. लेखणी न उचलता लिहिण्याची लिपी सुट्या खिळ्यांत बसविणे हेच मुळात अवघड. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले दरबाराच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक गठ्ठे मोजले गेले आहेत. त्यांत राजवाड्याचे हिशेब, अन्नछत्रे, देणग्या, कलावंतांची वेतने, प्रवासखर्च असा सारा संसार आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले, म्हणून तमिळ वाचकाला निदान काही भाग खुला झाला. मराठी वाचकाच्या पूर्वजांनी मराठीत लिहिलेला हा मजकूर मराठी माणसाने तमिळमधून वाचावा, ही अवस्था विचार करायला लावणारी आहे.

हे वाचन का अवघड आहे ते एका तारखेवरून कळेल. पत्राखाली 'सबा सबैन व अलफ' असे असले तर ते अरबी संख्याशब्द आहेत : सात, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७७. हा सुहूर सन. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन १६७६-७७ येतो. म्हणजे लिपी मोडी, भाषा मराठी, मायन्यातील शब्द फारसी, तारीख अरबी आणि तंजावरचा कागद असेल तर मध्ये तमिळ, तेलुगू शब्द. नुसती मुळाक्षरे शिकून भागत नाही. तरीही शिकणारे आहेत. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेत आले आहे. २०१४ मध्ये युनिकोड या संगणकीय अक्षरप्रणालीत मोडीला स्वतंत्र जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुरकी येथील संशोधकांनी मोडी पानांचे देवनागरीत रूपांतर करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली प्रणाली मांडली. यंत्राला शिकविण्यासाठीही आधी माणसाने पाने अचूक वाचून द्यावी लागतात, त्यामुळे जाणत्या वाचकाची गरज यंत्रामुळे तूर्त वाढलीच आहे.

चेन्नईत मुद्रांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने एग्मोरच्या शासकीय संग्रहालयातही जावे. चोळ राजांचे ताम्रपट एका मोठ्या कडीत ओवलेले असत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसविलेली असे. तीवर चोळांचा वाघ, पांड्यांचे मासे आणि चेरांचे धनुष्य एकत्र दिसतात. कडी तोडल्याशिवाय पत्रा बदलता येत नाही. बंदांच्या जोडावर शिक्का मारण्याची मराठी युक्ती आणि ही तमिळ युक्ती यांत शतकांचे अंतर आहे, पण विचार एकच.

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे तरुणपणी, १७९३ मध्ये, जिवाच्या सुरक्षिततेसाठी मद्रासला आणले गेले आणि मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली तेथे शिकले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि त्यांच्या हाती तंजावरचा किल्ला व शहर एवढेच उरले. ज्याच्या शिक्क्याला आता फारसा हुकूम उरला नव्हता, त्या राजाने उरलेले आयुष्य अक्षरांना दिले. त्यांनी ग्रंथालय वाढविले, देवनागरी छापखाना काढला आणि १८०६ मध्ये इसापाच्या गोष्टींचे 'बालबोध मुक्तावली' हे मराठी पुस्तक छापून घेतले. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरविला. दरबारचे सारे कागद मोडीत असताना दगडावर मात्र त्यांनी बाळबोध अक्षरे निवडली. चेन्नईहून तंजावरला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला त्या भिंतीपाशी उभे राहून तो लेख आजही वाचता येतो.